आडवाटेवरच्या कथा: छोट्या प्रकाशनांचे विचित्र गद्य वाचू इच्छिणाऱ्यांसाठी

मुक्ताबाईंचा एक अभंग महाराष्ट्रात बहुतेकांच्या कानांवरून गेलेला असतो. "मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी" अशी त्याची सुरुवात आहे. पुढे वांझेला पुत्र होतो, विंचू पाताळात जातो आणि शेष त्याच्या पायांवर डोके ठेवतो, माशी विते आणि तिची घार होते, आणि हे सारे पाहून मुक्ताई हसते. कीर्तनात हा अभंग ऐकणारा माणूस मुंगीचे तोंड केवढे आणि सूर्य केवढा, असा हिशेब मांडत बसत नाही. मात्र तोच माणूस एखाद्या छोट्या प्रकाशनाचे पातळसे पुस्तक उघडतो, तिसऱ्या पानावर नायकाच्या घरातील भिंत खोकू लागल्याचे वाचतो, आणि "हे आपल्याला कळण्यातले नाही" असे म्हणून पुस्तक मिटून ठेवतो. त्याच्या अंगी पात्रता नसते असे मुळीच नाही. शाळेतील कवितेखाली वर्षानुवर्षे सोडवलेला "कवीला यातून काय सांगायचे आहे?" हा प्रश्न त्याच्या डोक्यात आधी उभा राहतो, आणि त्याचे उत्तर लगेच मिळाले नाही की तो स्वतःला नापास करून टाकतो. हा लेख अशा वाचकासाठी आहे. विचित्र कथेला अर्थ विचारण्यापूर्वी तिचा नियम विचारावा, एवढी एक सवय लागली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात.

कोणत्या कथांविषयी बोलतो आहोत

आरंभीच एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. भयकथा, विज्ञानकथा आणि गूढकथा मराठी वाचकाला नव्या नाहीत. नारायण धारपांच्या भयकथांवर पिढ्या वाढल्या आहेत, आणि "नवल" या मासिकाने अद्भुताची आवड दीर्घकाळ जोपासली. या प्रकारांत विलक्षण गोष्ट घडली की तिच्याशी झुंज दिली जाते, तिचा उलगडा केला जातो किंवा तिला शास्त्राचा आधार तरी दिला जातो. येथे ज्या कथांचा विचार करावयाचा आहे त्यांत विलक्षण गोष्ट घडते आणि माणसे तिच्यासह संसार करू लागतात. फ्रान्झ काफ्का या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या लेखकाच्या प्रसिद्ध दीर्घकथेतील फिरता विक्रेता सकाळी किड्याच्या रूपात जागा होतो, तेव्हा त्याला पहिली चिंता आपली गाडी चुकल्याची वाटते. किडा का झालो, हा प्रश्न तो जवळजवळ विचारतच नाही.

अशा कथा बहुधा छोट्या प्रकाशनांतूनच बाहेर पडतात. याच काफ्काचे पहिले पुस्तक लायप्झिग येथील एका तरुण प्रकाशकाने १९१२ मध्ये काढले, तेव्हा त्याच्या अवघ्या ८०० प्रती छापल्या होत्या, आणि किड्याची ती कथा १९१५ मध्ये प्रथम एका मासिकात आली. अमेरिकेत लव्हक्राफ्ट या भयकथालेखकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कथांचे पुस्तक काढण्यास मोठे प्रकाशक तयार होईनात, म्हणून ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वँड्री या त्याच्या दोन चाहत्यांनी १९३९ मध्ये विस्कॉन्सिनमधील सॉक सिटी या लहान गावी आर्कम हाउस नावाची संस्था काढली आणि पहिल्या पुस्तकाच्या १२६८ प्रती छापल्या. त्या खपायला काही वर्षे लागली. आज त्याच प्रती संग्राहक शोधत फिरतात. पोर्टलँड येथील इरेझरहेड प्रेससारख्या संस्थांभोवती वाढलेल्या आणि २००५ च्या सुमारास "बिझारो" हे नाव धारण केलेल्या लेखकांचा प्रवाहही याच जातीचा आहे. त्यातील काही पुस्तकांची शीर्षके इतकी अचकट आहेत की ती येथे देण्याचे मी टाळतो.

ही पुस्तके छोट्या प्रकाशकांकडेच का येतात, यामागे त्यागाची कहाणी शोधण्यापेक्षा व्यवहार पाहावा. पुस्तक कोणत्या फळीवर ठेवायचे हे विक्रेत्याला कळले नाही तर तो मागणी नोंदवत नाही, आणि मागणी नसेल तर मोठ्या संस्थेला आवृत्ती परवडत नाही. ज्याचे कार्यालय म्हणजे घरातील एक खोली आहे आणि जो मुद्रितेही (प्रुफे) स्वतःच तपासतो, त्याला काहीशे प्रतींचा धोका पत्करता येतो.

मराठीतील पायवाट

मराठीत या वाटेचा माग काढायचा असेल तर लघुअनियतकालिकांपर्यंत, म्हणजे ठरावीक वेळ न पाळता निघणाऱ्या लहान साहित्यिक अंकांपर्यंत, मागे जावे लागते. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास "शब्द" सुरू केले, आणि पुढील दीड-दोन दशकांत "असो", "वाचा", "फक्त", "येरू" अशा नावांची अनियतकालिके निघाली आणि बंद पडली. नावांवरूनच त्यांचा स्वभाव ध्यानी यावा. काही अंक तर चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल केलेले) होते. हातात पैसे आले की अंक काढायचा आणि संपले की थांबायचे, असा साधारण शिरस्ता होता. "सत्यकथा" हे त्या काळातील प्रतिष्ठेचे मासिक होते, आणि त्याच्या संपादकीय शिस्तीविरुद्धचा राग इतका तीव्र होता की १९६९ मध्ये काही तरुण लेखकांनी त्याच्या अंकाची जाहीर होळी केली. त्या रागाची शहानिशा येथे करावयाची नाही. माझे स्वतःचे मत असे की जाळणाऱ्यांचे आणि जाळलेल्यांचे, दोघांचेही अंक आज वाचण्याजोगे आहेत.

या चळवळीतून अशोक शहाणे यांच्या "प्रास प्रकाशन"सारखी संस्था उभी राहिली. कोलटकरांची "भिजकी वही" २००३ मध्ये येथूनच आली. ते काव्य आहे आणि आपला विषय गद्य आहे, तरीही नव्या वाचकाने ते पुस्तक एकदा हातात घेऊन पाहावे असे मी सुचवीन, कारण छोटा प्रकाशक अक्षर, कोरी जागा आणि आकार यांवर किती जीव लावू शकतो हे ते पाहताच कळते. अलीकडच्या काळात "अभिधानंतर", "खेळ", "मुक्त शब्द" या नियतकालिकांनी कवितेसोबत प्रयोगशील लेखनाला आणि त्यावरील चर्चेला जागा दिली. ज्याला पुढील वाटा शोधायच्या आहेत त्याने त्यांचे जुने अंक मिळतील तेथे चाळावेत. जाहिरातींची पानेही सोडू नयेत. छोट्या प्रकाशनांची जाहिरात छोट्या नियतकालिकांतच असते.

पहिली पायरी: उंबरठ्यावरची पुस्तके

एकदम अनोळखी लेखकाची तीनशे पानांची प्रयोगशील कादंबरी हाती घेणे म्हणजे पोहणे शिकण्यासाठी पावसाळ्यात नदीत उडी टाकणे होय. आधी काठाकाठाने जावे. काठ म्हणजे ज्यांची पुस्तके मोठ्या संस्थांनी काढली आहेत आणि जी ग्रंथालयांत सहज सापडतात, असे लेखक. जी. ए. कुलकर्णी यांचे "रमलखुणा" (१९७५) हे त्यासाठी उत्तम पुस्तक आहे, कारण त्यात "प्रवासी" आणि "इस्किलार" या दोनच दीर्घकथा आहेत आणि दोन्हींचा प्रदेश कोणत्याही नकाशावर सापडत नाही. एका आठवड्यात एकच कथा वाचावी. दोन्ही एका दमात वाचल्यास भाषेची धुंदी चढते आणि कथा हातातून निसटते.

त्यानंतर श्याम मनोहर यांच्याकडे वळावे. "उत्सुकतेने मी झोपलो" या त्यांच्या कादंबरीला २००८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणजे ती आडवाटेवरची राहिली नाही, असे कोणी म्हणेल. तथापि येथील विचित्रपणा वेगळ्या जातीचा आहे. भुते नाहीत, राक्षस नाहीत. साधी मध्यमवर्गीय माणसे घरात बसून असे काही प्रश्न विचारू लागतात की परिचित दिवाणखानाच परका वाटू लागतो. वाक्ये छोटी असतात. वाचताना हसू येते, आणि आपण नेमके कशाला हसलो हे सांगता येत नाही.

तिसरे नाव विलास सारंग यांचे. त्यांनी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिले. त्यांच्या एका कथेत एका बेटावरच्या स्त्रिया अर्ध्याच देहाच्या असतात, आणि ही हकिकत मुलाखतीच्या कोरड्या चौकटीत सांगितलेली आहे. तो कोरडेपणा ज्याला जमेल, म्हणजे वाचताना जो त्याला लगेच उपहास किंवा रूपक ठरवणार नाही, तो पुढच्या पायरीस तयार झाला असे समजावे.

ज्यांना इंग्रजी वाचण्याची सवय आहे त्यांनी चेन्नईच्या ब्लाफ्ट या छोट्या प्रकाशनाकडे अवश्य पाहावे. २००८ मध्ये त्यांनी तमिळ रहस्य-रंजन कथांचा इंग्रजी अनुवादित संग्रह काढला, आणि कुळली माणिकवेल यांच्या अतिलघू, चमत्कारिक कथांचा संग्रहही त्याच वर्षी प्रसिद्ध केला. आपल्या देशातील बसस्थानकावर मिळणाऱ्या साहित्यापासून विचित्र गद्यापर्यंतचे अंतर किती थोडे असते, हे त्या दोन पुस्तकांतून ध्यानात येते.

दुसरी पायरी: कथेचा नियम शोधणे

हाच या लेखाचा गाभा असल्याने येथे थोडे रेंगाळणे भाग आहे. समजा, अशी एक कथा आहे. गिरगावातील एका चार मजली चाळीच्या जिन्याला दर अमावास्येला एक पायरी वाढते. चाळीची उंची तेवढीच राहते. पहिल्या महिन्यात कोणाच्या लक्षात येत नाही. तिसऱ्या महिन्यात भाडेकरूंची सभा भरते, आणि तीत नव्या पायऱ्या झाडण्याची पाळी कोणाची यावर भांडण होते. चौथ्या मजल्यावरच्या आजी हळूहळू खाली उतरेनाशा होतात. शेवटच्या परिच्छेदात त्यांचा नातू शाळेतून येतो, जिना चढू लागतो, आणि कथा तेथे थांबते.

घाईचा वाचक येथे म्हणतो की पायऱ्या म्हणजे महागाई किंवा पायऱ्या म्हणजे वार्धक्य. असे म्हणताच कथा संपते, कारण कुलूप उघडले असे वाटून आपण किल्ली खिशात टाकतो आणि खोलीत पाऊलच ठेवत नाही. त्याऐवजी आधी साधी चौकशी करावी. या जगात काय बदलले आहे? फक्त जिना. काय बदललेले नाही? भाडे, सभा, पाळ्या, भांडणे, शाळेची वेळ. माणसांना नवल कशाचे वाटते? पायरी वाढल्याचे वाटत नाही. शेजाऱ्याने आपली पाळी चुकवली याचे मात्र वाटते. आणि या बदलाची किंमत कोण मोजतो? जिला सर्वांत जास्त चढायचे आहे ती आजी, जिने सभेत एक शब्दही काढलेला नाही. एवढी चौकशी झाली म्हणजे आपल्याला कथेचा नियम हाती लागतो: अशक्य गोष्ट मान्य झाली की तिचे रूपांतर व्यवस्थेच्या प्रश्नात होते, आणि व्यवस्थेच्या प्रश्नात सर्वांत वर राहणारा माणूस दिसेनासा होतो. आता हवा तर अर्थ काढावा. पुष्कळदा तो काढण्याची गरज उरत नाही.

यावरून एक कसोटीही मिळते, आणि ती नव्या वाचकाने जवळ ठेवावी. कथेतील विचित्र गोष्ट काढून तिच्या जागी दुसरी कोणतीही विचित्र गोष्ट ठेवून पाहावी. जिन्याला पायऱ्या फुटण्याऐवजी नळातून मासे पडू लागले, तरी कथा जशीच्या तशी चालली, तर लेखकाने वैचित्र्य केवळ शोभेसाठी लावले आहे. मासे पडू लागल्यावर आजींचे काय होते, हे सांगता येईनासे झाले तर पायरी खरी आहे. छोट्या प्रकाशनांत शोभेचे वैचित्र्य भरपूर सापडते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कडेला उभे राहिल्याने कोणी आपोआप चांगला लेखक होत नाही, आणि वाचक कंटाळला म्हणजे तो मागासलेला आहे, असा तोरा मिरवणाऱ्या मलपृष्ठावरच्या पाठराखणीकडे (ब्लर्बकडे) तर सरळ दुर्लक्ष करावे. पाठराखण वाचायचीच असेल तर पुस्तक संपल्यावर वाचावी.

भाषेच्या बाबतीतही हीच शिस्त उपयोगी पडते. १९६५ मध्ये भाऊ पाध्ये यांची "वासूनाका" आली तेव्हा नाक्यावरच्या मुलांच्या बोलीवरून मोठे वादळ उठले आणि आचार्य अत्र्यांनी तिच्यावर कडाडून टीका केली. ती कादंबरी अद्भुत नाही, परंतु शिवी किंवा ओबडधोबड वाक्य समोर आले की येथे नियम काय आहे हे पाहावे, हा धडा तिच्यापासून घेता येतो. मुले तसे का बोलतात, कोणासमोर बोलत नाहीत, केव्हा गप्प होतात, हे पाहिले की भाषेचा धक्का आपोआप मागे पडतो. तरीही काही पुस्तकांतील क्रौर्य किंवा बीभत्सता सोसवली नाही, तर पुस्तक खाली ठेवण्यात कमीपणा नाही.

तिसरी पायरी: एका फर्म्याची मुदत

पुस्तक किती पाने सोसावे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पुस्तके सामान्यतः सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या जुड्यांत, छापली जातात, म्हणून मी एक फर्मा ही मुदत मानतो. पहिली सोळा पाने, मनात कितीही प्रश्न आले तरी, न थांबता वाचावीत. मग पुस्तक मिटून एका वहीत दोन-तीन वाक्ये लिहावीत: काय घडले, काय समजले नाही, आणि कोणते वाक्य डोक्यात राहिले. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर असेल तर पुढे जावे. नसेल तर पुस्तक सहा महिन्यांसाठी बाजूला ठेवावे आणि नंतर पुन्हा पहिल्या पानापासून उघडावे. दुसऱ्यांदाही उत्तर आले नाही, तर ते पुस्तक आपले नाही.

एकट्याने अडखळायला होत असेल तर मोठ्याने वाचावे. मराठी गद्याला कानाची सवय जुनी आहे. दोघे-तिघे मित्र जमल्यावर एकाने एक छोटी कथा वाचावी आणि इतरांनी केवळ ऐकावे, असा प्रयोग मी अनेकदा केला आहे. कागदावर अवघड वाटलेली कथा ऐकताना विनोदी निघाली, असा अनुभव त्यात हटकून येतो. वाचून झाल्यावर चर्चेला आरंभ करताना "तुला काय समजले?" असे विचारू नये. "तुला काय दिसले?" असे विचारावे.

येथे एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी जुन्या पुस्तकांच्या पथारीवर मला एका छोट्या प्रकाशनाची कादंबरी मिळाली. तिच्यात पृष्ठ ४८ नंतर पुन्हा पृष्ठ ३३ सुरू होत होते, तोच प्रसंग शब्दशः पुन्हा घडत होता, आणि त्यानंतर कथा एकदम ६५ व्या पानावर उडी घेत होती. काळ स्वतःला गिरवतो आणि मग दरीत कोसळतो, असे काहीसे मी वहीत मोठ्या कौतुकाने लिहून ठेवले. दोन दिवसांनी लक्षात आले की बांधणी करताना चौथ्या फर्म्याच्या जागी तिसराच फर्मा दुसऱ्यांदा शिवला गेला होता. तेव्हापासून मी नव्या वाचकांना सांगतो की प्रयोगाचे कौतुक करण्यापूर्वी पृष्ठांक पाहून घ्यावेत.

चौथी पायरी: पुस्तके शोधणे आणि विकत घेणे

छोट्या प्रकाशनांची पुस्तके दुकानाच्या दर्शनी फळीवर क्वचितच असतात. सर्वांत चांगला शोध हातातील पुस्तकातूनच लागतो. शीर्षकपानाच्या मागे प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ आणि मुख्य वितरक यांची नावे असतात. आवडलेल्या पुस्तकाचे हे पान मी पूर्ण उतरवून घेतो. मुखपृष्ठ करणारा चित्रकार किंवा अक्षरजुळणी करणारा माणूस आणखी चार आडवाटेच्या पुस्तकांशी जोडलेला सापडतो, आणि वितरकाच्या यादीतून त्याच गोत्रातील दुसरी प्रकाशने हाती लागतात.

ग्रंथालयांचा उपयोग आपण फार कमी करतो. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे आहे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. अशा जुन्या संस्थांत बंद पडलेल्या नियतकालिकांचे बांधीव खंड विचारून पाहावेत. सूचीत नाव सापडले नाही, तरी ग्रंथपालाला समक्ष विचारावे, कारण पातळ अनियतकालिके पुष्कळदा सूचीत वेगळ्याच नावाखाली जाऊन बसलेली असतात. दिवाळी अंकांचेही तसेच. १९०९ मध्ये "मनोरंजन" मासिकाने सुरू केलेली ही प्रथा आजही नव्या कथालेखकांचे पहिले दार आहे, आणि अनेक वाचनालये ठरावीक वर्गणीत कित्येक अंक आळीपाळीने वाचायला देतात. अपरिचित अंकांतील अपरिचित नावे आधी वाचावीत. नामवंतांच्या कथा पुढे पुस्तकात येणारच असतात.

जुन्या पुस्तकांसाठी मुंबईत फोर्टातील पदपथ आणि माटुंग्याचे किंग्ज सर्कल, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर येथे चक्कर टाकावी. गावातील रद्दीवालाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. एखाद्या प्राध्यापकाचे घर रिकामे झाले की त्यांचा आयुष्यभराचा संग्रह किलोच्या भावाने तेथे पोहोचलेला असतो, हे दुःखद असले तरी खरे आहे. साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात मोठ्या दालनांच्या मागच्या रांगेत, एकाच टेबलामागे बसलेला प्रकाशक दिसला तर तेथे थांबावे. बहुधा तोच संपादक असतो, तोच विक्रेता, आणि पुस्तकाविषयी विचारले तर तो जेवणाची वेळही विसरतो.

नवे पुस्तक शक्यतो प्रकाशकाकडूनच घ्यावे. आज बहुतेक छोटे प्रकाशक व्हॉट्सॲपवर पत्ता घेतात, यूपीआयने पैसे स्वीकारतात आणि पुस्तक टपालाने किंवा कुरिअरने पाठवतात. हिशेब सरळ आहे. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे. ते वितरक आणि विक्रेता यांच्या हातांतून तुमच्यापर्यंत आले, तर दोघांची सूट वजा होऊन, कागद-छपाई-बांधणीचा खर्च काढून प्रकाशकाच्या हाती फारच थोडे उरते, आणि तेही विक्रेत्याने हिशेब केल्यावर. थेट मागवले तर तीच रक्कम त्याच्याकडे आजच पोहोचते आणि पुढच्या पुस्तकाच्या कागदासाठी कामी येते. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त पडतो, म्हणून त्यांनी चार-पाच जणांची मागणी एकत्र करून भारतात येणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून ती मागवावी. हा मार्ग जुनाच आहे आणि अजूनही सर्वांत खात्रीचा आहे. आवृत्ती लहान असल्याने "पुढच्या पगाराला घेऊ" असे म्हणून लांबणीवर टाकलेले पुस्तक पुढच्या पगाराला मिळतेच असे नाही. आणि पुस्तकाची चित्रप्रत (स्कॅन) काढून ती गटागटांत फिरवण्याला मी वाचनाची सेवा मानत नाही. पाचशे प्रतींच्या पुस्तकाच्या पन्नास प्रती अशा बुडाल्या तरी पुढचे पुस्तक निघत नाही.

पाचवी पायरी: पत्र, आणि जतन

मोठ्या संस्थेला लिहिलेले पत्र कोणाच्या टेबलावर जाते हे कळत नाही. छोट्या प्रकाशकाला लिहिलेले पत्र तो स्वतःच वाचतो. पुस्तक वाचल्यावर आठ-दहा ओळी लिहाव्यात. स्तुतीच लिहायला हवी असे नाही. कोठे अडलो, कोणता प्रसंग कळला नाही, कोठे मुद्रणदोष आढळले, हे लिहिलेले त्याला अधिक उपयोगी पडते. दुसरी आवृत्ती निघण्याचा योग आलाच तर तुमची ती यादी त्याच्या कामी येते.

जतनाविषयी थोडेच सांगायचे आहे. जुन्या अनियतकालिकांच्या पिना गंजतात आणि कागद खातात, म्हणून त्या सावकाश काढून पाने सुती दोऱ्याने सैल बांधावीत. चिकटपट्टी कधीही लावू नये. पातळ अंक उभे ठेवल्यास वाकतात, म्हणून ते जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत आडवे ठेवावेत, आणि पावसाळ्यानंतर एकदा सावलीत वारा द्यावा. उन्हात ठेवल्यास स्वस्त कागद ठिसूळ होतो. पुस्तक कोठे, केव्हा आणि कितीला मिळाले हे आतल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवावे.

त्या दोनदा शिवलेल्या फर्म्याच्या कादंबरीच्या प्रकाशकालाही मी असेच पत्र लिहिले होते. त्यांची प्रकाशनसंस्था तोवर बंद पडलेली होती. तरी तीन आठवड्यांनी एक पाकीट आले. त्यात पृष्ठ ४९ ते ६४ असा न कापलेला, घडी घातलेला एक सुटा फर्मा होता, आणि सोबत चिठ्ठी होती: "हाच एक शिल्लक होता. पाने आपणच कापून घ्यावीत." मी ती स्वयंपाकघरातील सुरीने कापली, त्यामुळे कडा वेड्यावाकड्या झाल्या. तो फर्मा मी अजून शिवून घेतलेला नाही. तो पुस्तकातच सुटा ठेवला आहे, आणि कोणी ते वाचायला मागितले की मी आधी फर्म्याशिवाय देतो.